चिनी आहारचिकित्सा : फुप्फुसे व पचन

अन्नपदार्थांची निवड, त्यांचे मिश्रण आणि पाकक्रिया यांच्या साहाय्याने रोगाचा प्रतिबंध अथवा शमन करण्याच्या चिनी परंपरेस ‘शी-ल्याव’ (आहाराने उपचार) अशी संज्ञा आहे. या परंपरेत खोकला, दमा, कफ व क्षय या छातीच्या विकारांचा विचार पचनापासून वेगळा केला जात नाही. फुप्फुसे दुर्बल झाली असता प्रथम जठराकडे पाहावे व त्यासाठी काढ्याच्या आधी चुलीवरचे भांडे उपयोगात आणावे, ही धारणा तिच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात सातत्याने आढळते. ती कशी बनली, तिच्यामुळे रुग्णांचे काय हित झाले आणि कोणत्या गोष्टी तिच्या दृष्टीआड राहिल्या, हे पाहण्यासारखे आहे.

प्राचीन वैद्यकातील ‘फुप्फुस’ व ‘प्लीहा’ हे शब्द शरीररचनाशास्त्रातील अवयवांचे वाचक नाहीत, हे आरंभीच लक्षात घेतले पाहिजे. फुप्फुस म्हणजे श्वास, त्वचा, अंगावरील रोम, नाक व आवाज यांचे नियमन करणारी कार्यव्यवस्था. प्लीहा म्हणजे जठराच्या साहाय्याने अन्नाचे रूपांतर करून त्याचे सार शरीरभर पोहोचविणारी व्यवस्था. ज्या अर्थाने आधुनिक वैद्य प्लीहा हा शब्द वापरतो, त्याच्याशी या दुसऱ्या कल्पनेचा जवळजवळ काहीच संबंध नाही. इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांत संकलित झालेल्या ह्वांग-दी नेइ-जिंग (पीत सम्राटाचा अंतर्वैद्यक ग्रंथ) या मूलग्रंथात काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू व जल या पाच तत्त्वांशी पाच अवयव, पाच चवी, पाच वर्ण व ऋतू यांची सांगड घातलेली आहे. फुप्फुस धातुतत्त्वाचे, त्याचा वर्ण पांढरा, चव तिखट व ऋतू शरद. प्लीहा पृथ्वीतत्त्वाची, तिचा वर्ण पिवळा व चव गोड. फुप्फुसाला थंडी सोसत नाही व प्लीहेला ओल सोसत नाही, असेही हा ग्रंथ सांगतो. फुप्फुसाची जोडी मोठ्या आतड्याशी लावलेली असल्याने बद्धकोष्ठ व खोकला यांचा एकत्र विचार करण्यास जागा राहिली. पृथ्वीच्या पोटी धातू जन्मतो, म्हणून प्लीहा ही फुप्फुसाची माता ठरते आणि मातेचे पोषण केल्याने अपत्य सबळ होते. प्लीहेत निर्माण होणारा कफ फुप्फुसात साठतो, हे उत्तरकालीन वैद्यांचे मत याच मांडणीतून निघाले.

ही मांडणी तत्त्वज्ञानाची असली, तरी तिच्यामागे निरीक्षण नव्हते असे म्हणता येत नाही. दीर्घकाळ खोकणाऱ्या रुग्णाची भूक मंदावते, तो कृश होतो व कृश झालेला रुग्ण अधिकाधिक खोकू लागतो, हे कोणत्याही वैद्याच्या नजरेतून सुटणारे नव्हते. भारतीय वैद्यकानेही छाती व आमाशय ही दोन्ही कफाची स्थाने मानली असून, चरकसंहितेत श्वासरोगाचा उगम पित्तस्थानात सांगितला आहे [→ आयुर्वेद]. हे साम्य लक्षणीय असले, तरी त्यावरून एका परंपरेने दुसरीकडून उसने घेतले असे अनुमान काढणे घाईचे होईल.

आहाराचा वैद्य ही स्वतंत्र कल्पना चीनमध्ये फार जुनी आहे. जौ-ली (जौ राजवंशाचे आचार) या ग्रंथात राजदरबारातील वैद्यांचे आहारवैद्य, रोगवैद्य, व्रणवैद्य व पशुवैद्य असे चार वर्ग सांगितले असून आहारवैद्यांना त्यांत पहिले स्थान दिले आहे. भात वसंतासारखा कोमट, रस्सा ग्रीष्मासारखा उष्ण, चटणी शरदासारखी शीतल व पेय हेमंतासारखे थंड असावे, याची काळजी घेणे हे त्यांचे काम होते. हा ग्रंथ जौ राजवटीचे प्रत्यक्ष वर्णन नसून उत्तरकाळी रचलेले आदर्श चित्र आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे असे वैद्य खरोखरीच नेमले जात की काय, याबद्दल त्यावरून निर्णय करता येत नाही.

आहार व औषध यांचा प्रत्यक्ष मिलाफ इ. स. २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या जांग जुंग-जिंग याच्या योगांत दिसतो. दालचिनीच्या कोवळ्या काटक्या, आले, बोरे इ. पदार्थांचा त्याचा काढा घेतल्यावर रुग्णाने पातळ गरम पेज प्यावी, म्हणजे घाम सुटून औषधास साहाय्य होते, असे तो सांगतो. घसा व छाती कोरडी पडून होणाऱ्या खोकल्यावरील त्याच्या एका प्रसिद्ध काढ्यात तर जिन्सेंग व ज्येष्ठमध यांच्या जोडीला तांदूळ व बोरे हे घटकच आहेत. टीकाकारांनी या काढ्याचे स्पष्टीकरण करताना, जठरातील रस भरून आला म्हणजे तो फुप्फुसापर्यंत चढतो, असे म्हटले आहे.

तांग काळात (६१८–९०७) आहारचिकित्सेस स्वतंत्र शास्त्राचे रूप आले. सुन सु-म्याव (मृत्यू ६८२) याने ६५२ च्या सुमारास लिहिलेल्या च्येन-जिन याव-फांग या तीस खंडांच्या ग्रंथातील सव्विसावा खंड आहारोपचारांना दिला आहे. वैद्याने रोगाचे मूळ ओळखून आधी आहाराने उपचार करावा, त्याने गुण न आल्यासच औषधाकडे वळावे, हा त्याने घातलेला क्रम पुढील सर्व ग्रंथकारांनी प्रमाण मानला. त्याचा शिष्य मंग शन (६२१–७१३) याच्या लेखनावरून सिद्ध झालेला शी-ल्याव बन-त्साव (आहारोपचाराचा निघंटू) हा ग्रंथ पुढे लुप्त झाला. त्याची त्रुटित हस्तलिखित प्रत तुनह्वांग येथील गुहेतून ऑरेल स्टाइन यांनी १९०७ मध्ये मिळविली. ती आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. याच काळात भारतात आलेला बौद्ध भिक्षू इत्सिंग (६३५–७१३) याने येथील वैद्यकाविषयी लिहिताना, आजारात अन्न वर्ज्य करून लंघन करण्याच्या भारतीय पद्धतीची प्रशंसा केली असून हिरडा, सुंठ व साखर समभाग घेऊन केलेल्या गोळीचाही उल्लेख केला आहे. आजाऱ्याला पेज भरवू पाहणाऱ्या समाजातून आलेल्या या प्रवाशाला आजाऱ्याचे अन्न तोडणारी चिकित्सा विशेष नोंदण्याजोगी वाटली, हे स्वाभाविक होते. भारतीय वैद्यकातही लंघनानंतर पेजेचीच पायरी येते व चरकाने औषधी द्रव्यांनी सिद्ध केलेल्या अठ्ठावीस यवागू सांगितल्या आहेत, हे मात्र विसरता कामा नये.

प्लीहा व जठर यांना चिकित्सेच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय ली गाव (११८०–१२५१) या वैद्याकडे जाते. त्याच्या सिद्धांताच्या पाठीशी एक भीषण अनुभव होता. १२३२ मध्ये मंगोल सैन्याने जिन राज्याची राजधानी काइफंग वेढली. वेढा उठल्यानंतर नगरात रोगराई पसरली. नगराच्या बाराही वेशींतून दररोज प्रत्येकी एक ते दोन हजार शव बाहेर नेले जात व हे जवळजवळ तीन महिने चालले, असे त्याने लिहून ठेवले आहे. आकडे अतिशयोक्त असू शकतील; परंतु त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे. इतर वैद्य या तापाला बाहेरून झालेला थंडीचा विकार समजून घाम आणणारी व रेचक औषधे देत होते आणि रुग्ण दगावत होते. ली गावच्या मते ही माणसे उपासमार, श्रम व भय यांनी आतून खचलेली होती. महिनोनमहिने उपाशी राहिलेल्या पोटांवर एकाएकी अन्नाचा भार पडला होता. अशा रुग्णाला रेचक देणे म्हणजे त्याचा घातच होय. प्लीहा व जठर दुर्बल झाले की पहिला आघात फुप्फुसांवर होतो, असे त्याने मांडले आणि १२४९ च्या सुमारास प्लीहा व जठर यांवरील आपला पी-वेइ लुन हा प्रबंध पूर्ण केला. उपासमारीनंतर अन्न देताना अत्यंत सावधगिरी बाळगावी लागते, हे आधुनिक वैद्यकाच्या ध्यानी प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतर आले, ही गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे.

सुंग काळात शासकीय औषधालयांसाठी बाराव्या शतकापर्यंत संकलित झालेल्या योगसंग्रहातील एक चूर्ण ली गावच्याही आधीचे असून त्याच विचाराचे द्योतक आहे. त्यात जिन्सेंग, कंदवर्गीय चिनी कोनफळ, कमळबी, कसईचे दाणे व पांढरे वाल हे पदार्थ येतात. जोडीला फुप्फुसाकडे नेणारे म्हणून एका घंटाकृती फुलाच्या वनस्पतीचे मूळ घातले जाते. अतिसार व जुनाट खोकला या दोहोंवर ते बोराच्या काढ्याबरोबर देतात. यांतील कसई कोकणातील ओहोळांच्या काठी रानटी उगवते आणि वाल तर महाराष्ट्राच्या नित्य आहारातील कडधान्य आहे. अर्थात, आपल्याकडे वातुळ समजला जाणारा वाल चिनी वैद्यकात पचनास बळ देणारा मानतात. पदार्थाचा गुण त्या त्या परंपरेच्या चौकटीत कसा ठरतो, हे यावरून दिसते.

या संपूर्ण चिकित्सेचा कणा म्हणजे पेज (‘जौ’). तांदळाच्या आठ ते दहापट किंवा त्याहूनही अधिक पाणी घालून मंद आचेवर दीड-दोन तास, दाणा पूर्ण फुटून एकजीव होईपर्यंत ती शिजवितात. कोकणातील पेजेत दाणा व निवळ बहुधा वेगळी ओळखू येतात. चिनी पेजेत ती ओळखू येऊ नयेत अशी अपेक्षा असते. तिच्यात विकारानुसार घटक पडतात : ओल व कफ असल्यास कसई व वाळवलेली संत्र्याची साल, अतिसारात कमळबी व कोनफळ, थंडीच्या खोकल्यात आले व कांद्याच्या पातीचा पांढरा भाग, कोरड्या खोकल्यात लिलीचे कंद किंवा नासपती. संत्र्याची साल जितकी जुनी तितकी गुणकारी समजतात व ग्वांगदुंग प्रांतातील शिन-ह्वै येथील मुरलेल्या सालीस मोठी किंमत येते. तळलेले, अतिगोड, कच्चे व बर्फगार पदार्थ प्लीहेस ओल धरावयास लावतात म्हणून कफाच्या रुग्णास वर्ज्य होत. ली शी-जन (१५१८–९३) याच्या बन-त्साव गांग-मू (१५९६) या ५२ खंडांच्या व १,८९२ द्रव्यांच्या निघंटूत पन्नासाहून अधिक पेजा आल्या आहेत, तर त्साव तिंग-दुंग याने वृद्धांसाठी लिहिलेल्या ग्रंथात (१७७३) सु. शंभर पेजांची उत्तम, मध्यम व कनिष्ठ अशी प्रतवारी लावली आहे.

मंगोल राजवटीत दरबारी आहारवैद्य असलेल्या हू सु-ह्वै याने १३३० मध्ये सम्राटास सादर केलेल्या यिन-शान जंग-याव या ग्रंथाचे स्वरूप वेगळे आहे. मेंढीच्या मांसाचे रस्से त्याच्या केंद्रस्थानी असून मध्य व पश्चिम आशियातील पाकपद्धतीची छाप त्यावर स्पष्ट दिसते. त्यात ‘बालपो’ नावाच्या एका रश्श्याची कृती असून तो पश्चिमेकडील भारतीय पदार्थ असल्याचे ग्रंथकाराने म्हटले आहे. मांस, हरभरे व मुळा यांत वेलदोड्याचा एक प्रकार, केशर, हळद, मिरी, हिंग व कोथिंबीर पडते. हा रस्सा पोटास बळ देतो, वर चढणारा वायू खाली आणतो व छाती मोकळी करतो, असा त्याचा गुण सांगितला आहे. बालपो हे तिबेटी भाषेत नेपाळचे नाव असल्यामुळे ही कृती हिमालयाच्या वाटेने मंगोल दरबारी पोहोचली असावी. हिंग व हळद घातलेल्या रश्श्याने पोट हलके व छाती मोकळी होते, हे भारतीय वाचकाला नवे वाटणार नाही. परंतु चौदाव्या शतकातील पेकिंगच्या राजवाड्यात ते लिहिले गेले, हे विशेष होय.

शरद ऋतूत नासपती, खडीसाखर, रुपेरी अळंबी इ. पांढरे व रसाळ पदार्थ खाऊन फुप्फुसांची शुष्कता टाळावी, हा संकेत आज चिनी घरांत सर्वांत लोकप्रिय आहे व तो अतिप्राचीन समजला जातो. वास्तविक ह्वांग-दी नेइ-जिंगमध्ये हिवाळ्यातील खोकल्याचे कारण म्हणून शरदातील शुष्कता नव्हे, तर ओल सांगितली आहे. बाराव्या शतकात ल्यू वान-सू याने शुष्कतेची दखल घेतली होती. तथापि मूळ वचनात लेखकाचा प्रमाद असून तेथे ओलीच्या जागी शुष्कता हवी, असा धीट पाठभेद यू चांग याने १६५८ मध्ये सुचविला व शुष्क खोकल्यावर स्वतंत्र योग दिला. पुढे वू जू-तुंग याने तापाच्या विकारांवरील आपल्या ग्रंथात (१७९८) नासपती, एक पाणकंद, ताज्या वेताळ गवताचे मूळ, एका लिलीवर्गीय वनस्पतीचे कंद व कमळाचे मूलक्षोड (भिसे) यांचा ‘पंचरस’ सांगितला. वांग शी-श्युंग याने तर ताइपिंग बंडाच्या धामधुमीत घरदार सोडून राहत असता १८६१ मध्ये नित्याच्या खाद्यपदार्थांवर पुस्तक लिहून कलिंगडास निसर्गाने सिद्ध केलेला ‘श्वेतव्याघ्र काढा’ म्हटले. या नावाचा जिप्समयुक्त काढा तीव्र तापावरील प्रसिद्ध औषध होय. युद्धकाळात औषधे दुर्मिळ व महाग झाली असता बाजारातील फळे व भाज्या हेच गरिबांचे औषध, ही जाणीव या पुस्तकात सर्वत्र आहे.

सर्वच पदार्थ गरिबांच्या आवाक्यातील नव्हते. पाकोळीच्या जातीचे काही पक्षी आपल्या लाळेने कड्यांवर घरटी बांधतात. आग्नेय आशियातून आयात होणारी ही घरटी फुप्फुसांचे पोषण करणारी म्हणून मिंग काळापासून श्रीमंतांच्या घरी शिजू लागली. त्साव श्वे-चिन याच्या हुंग लौ मंग (लाल महालाचे स्वप्न) या अठराव्या शतकातील कादंबरीत क्षयी प्रकृतीच्या दाय-यू या नायिकेला तिची मैत्रीण उष्ण औषधे सोडून, प्रथम जठर सुधारण्यासाठी घरट्यांची खडीसाखरेतील पेज घेण्याचा सल्ला देते. सल्ला शास्त्रोक्त आहे. पण दुसऱ्याच्या घरी आश्रित असलेल्या त्या पोरक्या मुलीला असे महागडे पथ्य मागण्याचाच संकोच वाटतो. या व्यापाराचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यासमोरील समुद्रातील खडकांवरच्या गुहांत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत असून तेथील घरटी चोरून काढण्याचा प्रकार या शतकाच्या प्रारंभी उघडकीस आल्यावर निसर्गप्रेमींच्या पुढाकाराने तिच्या संरक्षणाची व्यवस्था करण्यात आली. घरट्यांतील द्रव्य मुख्यतः शर्करायुक्त प्रथिन आहे. फुप्फुसांवर त्याचा खास परिणाम होतो असे सिद्ध झालेले नाही.

क्षयरोगावर औषध नसलेल्या काळातील या चिकित्सेचा सर्वांत विचारी प्रवक्ता म्हणजे जांग शी-चुन (१८६०–१९३३). पाश्चात्त्य वैद्यकाशी मेळ घालू पाहणाऱ्या या वैद्याने ॲस्पिरिनचाही उपयोग केला. खोकला, सायंकाळचा ताप व अन्नद्वेष असलेल्या रुग्णांना तो कच्चे कोनफळ व कसई प्रत्येकी दोन ल्यांग आणि वाळवलेल्या तेंदूवर्गीय फळाची साखर धरलेली वडी आठ च्येन (दहा च्येन म्हणजे एक ल्यांग) यांची पेज देत असे. कसई एकटी दिल्यास शरीर कोरडे पडते व कोनफळ एकटे दिल्यास ते चिकट होते, म्हणून दोहोंचे मिश्रण, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये शोधला होता. परंतु स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये लागेपर्यंत युरोपातील आरोग्यधामांतही दूध, अंडी, विश्रांती व मोकळी हवा यांपलीकडे फारसे काही देता येत नव्हते. तेव्हा जांगची पेज त्या काळाच्या मानाने मागासलेली नव्हती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी शासनाने पारंपरिक वैद्यकास महाविद्यालयीन शिक्षणात स्थान दिले. १९५६ मध्ये पेकिंग, शांघाय, कँटन व चंग्दू येथे त्याची महाविद्यालये निघाली. ‘औषध व अन्न यांचे मूळ एकच’ हे आज सर्वतोमुखी असलेले सूत्र प्राचीन म्हणून सांगितले जाते. तथापि या शब्दांत ते विसाव्या शतकातच रूढ झाले. अन्न व औषध या दोन्ही नात्यांनी वापरता येणाऱ्या द्रव्यांची शासकीय यादी प्रथम १९८७ मध्ये निघाली. २००२ च्या सुधारित यादीत अशी ८७ द्रव्ये होती व पुढे तीत भर पडली. कडू जर्दाळूच्या बिया व गिंको वृक्षाच्या बिया ही खोकल्यावरील द्रव्ये तीत आहेत. पहिलीतून पचनात हायड्रोसायानिक अम्ल सुटते व दुसरी अधिक खाल्ल्यास मुलांना झटके येतात. म्हणजे अन्न म्हटल्याने पदार्थ निरुपद्रवी ठरत नाही.

आजच्या ज्ञानाने पाहता, पांढऱ्या रंगाचे पदार्थ फुप्फुसास पोहोचतात याला आधार नाही. परंतु पोषण सुधारल्याने छातीचा रोग हटतो, या मूळ धारणेस भारतातूनच भक्कम पुष्टी मिळाली आहे. झारखंडात क्षयरुग्णांच्या सु. १०,००० कुटुंबीयांवर करण्यात आलेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, तांदूळ, डाळी, दूधभुकटी इ. शिधा मिळालेल्या कुटुंबांत क्षयाचे नवे रुग्ण सु. ४० टक्क्यांनी कमी आढळले. शिधा रुग्णाच्या औषधांबरोबर दिला होता, त्यांच्याऐवजी नव्हे. जंतुनाशक उपचार लांबवून केवळ पेजेवर विसंबणाऱ्या क्षयरुग्णाची हानी होते व तो इतरांनाही रोग देतो.

चुलीवर काय शिजते याचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या या परंपरेने चुलीतून काय निघते याचा विचार जवळजवळ केला नाही. युन्नान प्रांतातील श्वान-वेइ परगण्यात घरात धुराड्याविना उघड्या खड्ड्यात धुरकट कोळसा जाळून स्वयंपाक करीत. तेथील स्त्रिया सहसा धूम्रपान करीत नसूनही त्यांच्यातील फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण चीनमध्ये सर्वाधिक प्रमाणांत मोडत असे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचा संबंध या धुराशी जोडला. त्यानंतर १९७६ ते १९९२ या काळातील सु. २१,००० शेतकऱ्यांच्या पाहणीत असे दिसले, की ज्या घरांत धुराड्याची चूल बसविली गेली त्या घरांतील या रोगाचे प्रमाण पुरुषांत सु. ४१ व स्त्रियांत सु. ४६ टक्क्यांनी घटले. चूल बदलल्यापासून हा फरक दिसून येण्यास सु. दहा वर्षे लागली.